एलियन व्हर्सेस प्रिडेटर (२००४): शिकारीचे नियम आणि रबराचे राक्षस

चौथी रांग (धागालेखक)

एलियन व्हर्सेस प्रिडेटर १३ ऑगस्ट २००४ रोजी अमेरिकेत लागला. दिग्दर्शक पॉल डब्ल्यू. एस. अँडरसन. त्यावर चर्चा निघाली की गाडी लगेच 'मूळ एलियनची सर याला नाही' इथे येऊन थांबते. सर नाही हे खरंच. पण यात एक गोष्ट फार नेटकी जमली आहे आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही, म्हणून हा धागा. यातल्या प्रिडेटरांच्या (परग्रहावरून शिकारीला येणाऱ्या योद्ध्यांच्या) शिकारीला पक्के नियम आहेत आणि चित्रपटातले महत्त्वाचे मृत्यू त्या नियमांतूनच निघतात.

शिकारीची मांडणी अशी. अंटार्क्टिकाजवळच्या बूवे बेटावर, बर्फाखाली सुमारे २,००० फूट खोल एक पिरॅमिड आहे. तो तापतो, उपग्रहाला उष्णतेचा ठिपका दिसतो आणि माणसं आपल्या पायांनी चालत येतात. हे आमिष. आत गोठवून, साखळदंडांनी बांधून ठेवलेली एलियन राणी जागी केली जाते. तिची अंडी यंत्रावरून सरकत बळीच्या दालनात जातात. तिथे अडकलेल्या माणसांच्या छातीतून एलियन जन्मतात. मग तीन तरुण प्रिडेटर आत उतरतात, आणि उतरताना त्यांच्या खांद्यावर तोफ नसते. भाले, मनगटाची पाती, जाळं, फेकायची चक्रं एवढ्यावरच आत शिरायचं, तोफा पिरॅमिडमधल्या पेटीतून मिळवायच्या. पहिली शिकार झाली की तिच्या आम्लरक्ताने स्वतःच्या कपाळावर खूण करायची. हरलात तर मनगटावरचा बॉम्ब लावून सगळंच संपवायचं, म्हणजे एकही एलियन बाहेर जाणार नाही.

आता बिघडतं काय, ते पाहा. माणसं पेटी उघडतात आणि तोफा आधीच उचलतात. त्याबरोबर भिंती सरकू लागतात, दर १० मिनिटांनी आतला नकाशा बदलतो, आणि शिकारी तोफांविना एकमेकांपासून तुटतात. चॉपर आणि सेल्टिक हे दोघे प्रिडेटर ग्रिड नावाने ओळखल्या जाणाऱ्या एकाच एलियनच्या हातून मरतात. (त्याच्या डोक्यावर जाळीचे चौकोनी व्रण आहेत, ते सेल्टिकच्या जाळ्याचे. नाव त्यावरूनच पडलं.) उरतो स्कार. तो शिकार करतो, खूण करायची म्हणून मुखवटा काढतो आणि त्याच क्षणी फेसहगर (अंड्यातून निघून चेहऱ्याला चिकटणारा, छातीत एलियनचं बी सोडणारा प्राणी) त्याला गाठतो. विधी पाळला म्हणूनच तो मरणार हे तिथे ठरतं. शेवटी प्रिडेटरांच्या यानावर त्याच्या छातीतून जे बाहेर येतं त्याचं बी इथे पडलेलं आहे. पहिल्यांदा पाहताना हा क्षण अर्ध्या सेकंदात निघून जातो, म्हणून दुसऱ्यांदा पाहताना तिथे लक्ष ठेवा.

मोहीम काढणारा उद्योगपती वेलंड, त्याचा मृत्यूही तसाच. स्कार त्याच्या फुप्फुसांत डोकावतो, माणूस आजारी आहे हे त्याला कळतं आणि तो त्याला सोडून पुढे जातो. वेलंड पाठीमागून आगीने हल्ला करतो तेव्हाच तो मारला जातो. प्रिडेटर २ मध्ये गरोदर बाईला सोडून दिलं होतं, त्याच नियमाचा हा पुढचा धागा.

मधली सुट्टी

नियमांबद्दल सहमत. पण ज्या नियमावर सगळी भीती उभी आहे तोच अँडरसनने मोडला, त्याचं काय?

१९७९ च्या एलियनमध्ये फेसहगर चिकटण्यापासून छाती फुटेपर्यंत कित्येक तास जातात. मधे तो गळून पडतो, माणूस बरा होतो, सगळे जेवायला बसतात. प्रेक्षकाला पोटात गोळा येतो तो या मधल्या वेळामुळे. २००४ च्या चित्रपटात फेसहगर, चेस्टबर्स्टर (छाती फोडून येणारं पिल्लू) आणि पूर्ण वाढलेला एलियन हा सगळा प्रवास मिनिटांच्या हिशेबात उरकला आहे. कारण उघड आहे. १०१ मिनिटांचा चित्रपट, राक्षस दिसायलाच जवळपास निम्मा वेळ जातो, आणि मग उरलेल्या वेळात शिकारीला पुरतील एवढे एलियन मोठे करायचे आहेत. म्हणजे पटकथेच्या वेळापत्रकासाठी प्राण्याचं जीवशास्त्र वाकवलं.

यावर सोपा उपाय होता. मोहीम आत जायच्या आधीच काही एलियन वाढलेले दाखवायचे. वर व्हेल पकडणाऱ्यांची ओसाड वस्ती आहे, म्हणजे जुने बळी सुचवायला जागाही होती. तेवढं केलं असतं तर दहा-दहा मिनिटांच्या भिंतींच्या खेळाला खरी धार आली असती.

पडद्यामागे

वेळेबद्दलची तक्रार रास्त आहे. मी राक्षसांच्या बांधणीबद्दल लिहितो, कारण हा चित्रपट आज वीस वर्षांनीही बघवतो तो त्यामुळे.

काम अमाल्गमेटेड डायनॅमिक्स या कंपनीचं, म्हणजे अ‍ॅलेक गिलिस आणि टॉम वुडरफ ज्युनियर. दोघे राक्षस घडवणाऱ्या स्टॅन विन्स्टनच्या हाताखाली तयार झालेले. एलियन ३ आणि एलियन रेझरेक्शनचे प्राणीही त्यांचेच. इथे एलियनच्या सूटमध्ये स्वतः वुडरफ आहे, आणि प्रिडेटरच्या सूटमध्ये इयन व्हाइट, उंची ७ फुटांच्या वर, आधी व्यावसायिक बास्केटबॉल खेळणारा. प्राग शहरातल्या बारांडोव्ह स्टुडिओत सेट उभारले होते. सुमारे ७० टक्के दृश्यं सूट, बाहुल्या आणि छोट्या प्रतिकृतींवर घेतली आहेत.

राणीचे तीन अवतार होते: ४.८ मीटर उंचीची खरी यांत्रिक राणी, १.२ मीटरची बाहुली आणि संगणकावरची राणी. मोठी चालवायला १२ माणसं लागत. आतला जबडा हायड्रॉलिक होता. शेपट्या मात्र संगणकाने जोडल्या, राणीच्याही आणि बाकी एलियनच्याही. याचं कारण शेपटी हा बाहुलीकामातला सगळ्यात अवघड अवयव. लांब, टोकाकडे निमुळती, आणि हालचाल मुळापासून टोकापर्यंत लाटेसारखी जायला हवी. तारेने ओढली तर अख्खी शेपटी एकदम वळते, आणि आत सांधे वाढवावेत तर वजन वाढून ती खाली लोंबते. शिवाय चिमटीएवढ्या जागेतून डझनभर तारा न्यायच्या. त्यापेक्षा शेपटीविना चित्रण करून ती नंतर जोडणं शहाणपणाचं.

साध्या एलियनसाठीही एक हायड्रॉलिक बाहुली होती आणि ती या चित्रपटाची खरी कमाई. सूटमध्ये माणूस असला की कंबर माणसाएवढी जाड राहणारच. बाहुलीत आत माणूस नाही, त्यामुळे कंबर मुठीएवढी करता येते, बरगड्या सुट्या दिसतात आणि मान झटकन फिरते. ती चालवायला ६ जण लागायचे. त्यांच्या हालचाली संगणकात नोंदल्या जात, म्हणजे दिग्दर्शकाला एक झटका आवडला की तोच झटका पुढच्या टेकला हुबेहूब परत. प्रिडेटरबरोबरच्या मारामारीत ती वापरली आहे आणि त्या मारामारीच्या चित्रणाला महिना लागला.

तुम्ही स्वतः ओळखू शकता. एलियन पूर्ण उभा, पायांसकट दिसतो आणि शॉट लांबतो तेव्हा बहुतेक सूट किंवा संगणक. छातीपासून वर, डोकं विजेसारखं वळतं आणि ओठ मागे सरकतात तेव्हा बाहुली.

कातळ

भूगोलाचं थोडं. बूवे बेट खरं आहे. नॉर्वेच्या ताब्यात, दक्षिण अटलांटिकमध्ये, सुमारे ५४ अंश दक्षिण अक्षांशावर. क्षेत्रफळ ५० चौरस किलोमीटरच्या आत, नव्वद टक्क्यांहून अधिक भाग हिमनद्यांखाली, मनुष्यवस्ती नाही. बेट ज्वालामुखीचं आहे, त्यामुळे बर्फाखाली उष्णतेचा ठिपका दिसणं हे या कथेतलं सगळ्यात पटण्यासारखं कलम.

पटत नाही ती खोली. २,००० फूट म्हणजे सुमारे ६१० मीटर. बेटाचं सर्वोच्च शिखर ७८० मीटर. एवढ्याशा बेटावर ६०० मीटर जाडीचा बर्फ आणि त्याच्या तळाशी पिरॅमिड बसवायचा तर तो समुद्रसपाटीच्या आसपास किंवा खालीच जातो. अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर बर्फाची जाडी दोन-दोन किलोमीटर असते, तिथे ही कथा आरामात बसली असती.

१९०४ सालची व्हेल पकडणाऱ्यांची वस्ती बूवेवर नव्हती, पण साल अचूक निवडलंय. दक्षिण जॉर्जिया बेटावरचं ग्रिटविकेन हे व्हेल-केंद्र नॉर्वेच्या कार्ल अँटन लार्सनने १९०४ मध्येच सुरू केलं. त्याचे जुने फोटो आणि चित्रपटातली गंजकी टाकी, लाकडी शेड, साखळ्या शेजारी ठेवून बघा, कलादिग्दर्शक रिचर्ड ब्रिजलँडने अभ्यास केलेला दिसतो. वस्तीची छोटी प्रतिकृतीही अशी बांधली होती की कोसळवून परत उभी करता यावी. त्यामुळे एका सहा सेकंदांच्या शॉटचं फेरचित्रण शक्य झालं.

दुसरी चूक जास्त खटकते. पुरातत्त्वज्ञ सेबास्टियन सांगतो की अ‍ॅझ्टेक कालगणना दहाच्या पटीत होती, म्हणून भिंती दर १० मिनिटांनी सरकतात. अ‍ॅझ्टेक आणि माया, दोघांचीही मोजणी विसाच्या पटीत होती. २० दिवसांचे १८ महिने अधिक ५ दिवस असं ३६५ दिवसांचं वर्ष, आणि २० गुणिले १३ असं २६० दिवसांचं धार्मिक चक्र. त्यांनी २० मिनिटं धरली असती तर माहितीही बरोबर आली असती आणि वर मधली सुट्टी यांनी मांडलेला वाढीच्या वेळेचा प्रश्नही थोडा हलका झाला असता.

निळा पडदा

रक्ताबद्दल कुणीच बोललं नाही? आधीचे एलियन चार आणि प्रिडेटर दोन, सगळे अमेरिकेत आर दर्जाचे (१७ वर्षांखालच्यांना पालकांसोबतच प्रवेश). हा पहिला पीजी-१३, म्हणजे त्याहून सौम्य दर्जाचा. खर्च सहा-सात कोटी डॉलर, कमाई जगभरातून १७ कोटींच्या वर, म्हणजे निर्मात्यांचा हिशेब जमला. पण छाती फुटण्याचे प्रसंग अंधारात उरकावे लागले. भाला लागतो आणि कॅमेरा लगेच दुसरीकडे वळतो.

पडद्यामागे

खरंय, पण एक बघा. दर्जा ठरवताना मंडळाचं लक्ष मुख्यतः माणसाच्या रक्ताकडे असतं. प्रिडेटरचं हिरवं रक्त आणि एलियनचं आम्ल यांना ती अडचण नाही. म्हणूनच माणसांचे मृत्यू तुटक आहेत आणि दोन राक्षसांची झुंज मात्र मोकळ्या हाताने घेतली आहे: शेपटी छाटली जाते, आम्ल उडतं, ग्रिडला शेपटीने धरून भिंतींवर आपटलं जातं. मर्यादा होती तिथून ऊर्जा काढून ती चालत होती तिथे ओतली. नंतर आलेल्या वाढीव आवृत्तीत माणसांचं रक्त संगणकाने घातलं आहे आणि ते वरून लावलेलं दिसतं, कारण खऱ्या द्रवासारखं ते कपड्यात मुरत नाही.

अवांतर: दृश्यपरिणाम करणाऱ्यांत लंडनची डबल निगेटिव्ह होती. तीच कंपनी २०१४ मध्ये मुंबईच्या प्राइम फोकसमध्ये विलीन झाली. आज डीएनईजी म्हणून तिचं मोठं काम मुंबईतून चालतं, त्यात मराठी मुलंमुली पुष्कळ आहेत.

नवा भिडू

छान चाललाय धागा. आमच्या कॉलेजच्या शॉर्टफिल्मसाठी असाच एक प्राणी करायचा आहे. एलियनच्या तोंडातून गळणारी ती लाळ आणि प्रिडेटरचं चमकणारं रक्त घरी कसं करतात? बजेट अगदी कमी आहे.

पडद्यामागे

लाळेसाठी मेथिलसेल्युलोज. या धंद्यात वर्षानुवर्षं तेच वापरलं जातं. केमिकलच्या घाऊक दुकानात खाद्य किंवा औषधी दर्जाची पावडर मागा, जास्त घट्टपणा देणारी.

१ लिटरला २० ग्रॅम. आधी ३०० मिली पाणी ८० ते ८५ अंशांपर्यंत तापवा, गॅस बंद करा आणि पावडर भुरभुरवत फेटा. या टप्प्यावर ती विरघळणार नाही, नुसती भिजेल, पाणी दुधाळ दिसेल. ते बरोबर आहे. मग ७०० मिली बर्फाचं पाणी ओतून सावकाश ढवळा. थंड होताना ते घट्ट आणि पारदर्शक होत जातं. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे पूर्ण फुगेल आणि हवेचे बुडबुडेही निघून जातील. लांब तार हवी तर २५ ग्रॅमपर्यंत जा. त्यापुढे ते जेलीसारखं तुटतं.

बहुतेक जण चुकतात ते पावडर थेट गार पाण्यात टाकून. प्रत्येक कणाभोवती चिकट साल धरते, आतलं कोरडंच राहतं आणि त्या गुठळ्या नंतर कशानेही मोडत नाहीत. दुसरा घोटाळा दिव्यांचा. मेथिलसेल्युलोज उलट वागतं, गरम झालं की गोठतं. ५० अंशांच्या आसपास ते पांढरट होऊन थिजतं. हॅलोजन दिव्याखाली मुखवटा तापला की लाळ डोळ्यांदेखत धुरकट होते. एलईडी वापरा, नाहीतर दिवा लांब ठेवा. वाळल्यावर पापुद्रा धरतो, म्हणून हाताशी पाण्याचा फवारा ठेवून टेकच्या आधी मारा. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं, वास आला की फेकून द्या. आणि फरशीवर सांडलं तर लगेच पुसा, माणसं जबरदस्त घसरतात.

मेथिलसेल्युलोज नाही मिळालं तर सोडियम सीएमसी चालेल. त्याला गरम-गारचा खटाटोप नाही, पण तेही एकदम ओतलं तर गुठळ्या होतात आणि रंग जरा गढूळ येतो. झँथन गम ५ ते ८ ग्रॅमला घट्ट होतो, मात्र त्याला तार सुटत नाही, गोळाच पडतो. लाळ म्हणून तो फसतो.

रक्ताबद्दल: १९८७ च्या प्रिडेटरमध्ये चमककांड्यांतला द्रव वंगणाच्या जेलीत मिसळला होता. ते करू नका. कांडीच्या आत काचेची नळी फुटलेली असते, तिचे कण त्या द्रवात उतरतात. तो द्रव डोळ्यांना झोंबतो आणि काही प्लास्टिकं व रंगही विरघळवतो. त्याऐवजी वरच्याच लाळेत, २५० मिलीला एक चमचा या हिशेबाने, हिरवा-पिवळा फ्लोरोसंट पोस्टर रंग मिसळा आणि शॉटवर अतिनील एलईडी दिवा मारा. तोंडात किंवा डोळ्यांत जाऊ देऊ नका. पांढरे कपडे आणि दातही त्या दिव्यात चमकतात, तेव्हा कपडे गडद निवडा. रक्त आणि नट एकाच फ्रेममध्ये असतील तर साधा दिवा जवळजवळ विझवावा लागतो, नाहीतर चमक दिसत नाही. तेवढ्या अंधारात मोबाइलचा कॅमेरा दाणे पाडतो, म्हणून कॅमेरा स्टँडवर लावून रक्ताचा जवळचा शॉट वेगळा घ्या.

फोमवाला

चिलखताचं मी सांगतो. ईव्हीए फोम घ्या, योगा मॅटचा पांढरा मऊ नव्हे, जोडून टाकतात त्या व्यायामाच्या चटयांचा घट्ट. छातीसाठी १० मिमी, मनगटपट्ट्या आणि बारीक नक्षीसाठी ५ मिमी. आधी जाड कागदाचा साचा अंगावर लावून बघा, चिकटपट्टीने जोडा, हात वर करून बघा, मगच फोम कापा. ब्लेड सारखं बदला. बोथट ब्लेडने कड फाटते आणि तो सांधा कधीच नीट मिटत नाही.

चिकटवायला रबराचं कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह. दोन्ही कडांना पातळ थर, मग साधारण १० मिनिटं थांबा. बोटाला चिकटेनासं झालं की जोडा. घाईत ओलं असताना जोडलं तर आतला द्रावक कोंडतो आणि सांधा नेमका चित्रणाच्या दिवशी उघडतो. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस पेटलेला नको.

जोडल्यावर हीट गन फिरवा. फोमचा पृष्ठभाग किंचित चकाकतो, म्हणजे छिद्रं बुजली. यामुळे रंग आत शोषला जात नाही. मग लवचीक थर हवा: लॅटेक्स किंवा पातळ केलेला फेविकॉल, तीन-चार हात, प्रत्येक हात वाळू देऊन. हा थर गाळला तर कोपर वाकवताच रंगाला तडे. रंगात आधी काळपट तपकिरी, त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने चंदेरी नुसता उंचवट्यांवर, शेवटी पातळ काळा ओतून लगेच फडक्याने पुसायचा, म्हणजे खाचांत मळ राहतो. प्रिडेटरचं चिलखत नवं कोरं दिसलं की खेळण्यातलं वाटतं.

प्रिडेटरच्या डोक्यावरच्या जटांसाठी बांधकामात फटी भरायला वापरतात ती फोमची गोल दोरी, १२ ते २० मिमी. टोकं तिरकी कापून घासा, काळा लॅटेक्स चढवा. मुळाशी कापडाच्या टोपीला शिवा, नुसत्या गोंदावर त्या टिकत नाहीत, डोकं झटकलं की सुटतात.

आणि माणसाची काळजी घ्या. फोममधून घाम बाहेर पडत नाही. सलग २० मिनिटांच्या वर सूट घालून ठेवू नका, नाकासमोर हवेची वाट मोकळी सोडा, आणि मुखवटा एका हाताने एका क्षणात काढता आला पाहिजे.

नवा भिडू

दोघांचेही मनापासून आभार. सगळं उतरवून घेतलं.

मधली सुट्टी

दुसऱ्या भागाकडे वळू या का? एव्हीपी: रेक्विअम, २५ डिसेंबर २००७, दिग्दर्शक स्ट्राउस बंधू. आर दर्जा परत आणला, ९४ मिनिटं, कोलोरॅडोतलं गनिसन गाव. एकटा अनुभवी प्रिडेटर मागे राहिलेल्या खुणा पुसत फिरतो, जागोजागी निळा द्रव ओतून प्रेतं विरघळवतो. कल्पना उत्तम. पण दिसत काहीच नाही. काळे प्राणी, रात्र, पाऊस, आणि गावातली वीज गेलेली.

निळा पडदा

तो मुळातच गडद चित्रित केलाय, पण घरी तो आणखी गडद होतो आणि तेवढं आपल्या हातात आहे.

टीव्ही फिल्म किंवा सिनेमा मोडवर टाका. खोलीच्या उजेडाप्रमाणे पडदा मंद करणारा सेन्सर आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, दोन्ही बंद. यातला दुसरा अंधारातले बारीक फरक गिळून टाकतो. मग एचडीएमआयची ब्लॅक लेव्हल बघा. प्लेअर लिमिटेड (काळ्या-पांढऱ्याची आखूड श्रेणी) पाठवत असेल आणि टीव्ही फुलवर असेल तर काळा राखाडी होतो. उलट असेल तर सगळा काळा चिकटून एक होतो, आणि या चित्रपटात तेच घातक. दोन्हीकडे एकच सेटिंग हवं. गॅमा २.४ वरून २.२ वर आणला तर सावल्या थोड्या उघडतात. ब्राइटनेसचा आकडा हळूहळू वाढवा आणि काळ्या पट्ट्या राखाडी व्हायच्या आत थांबा. खोलीतले दिवे बंद, विशेषतः पडद्यासमोरचा.

एवढं करूनही स्ट्रीमिंगवर अंधारात चौकोनी ठोकळे दिसतील. कमी बिटरेटमध्ये आधी बळी जातो तो अंधाराचा. हा चित्रपट ब्लू-रेवर पाहिला तर हॉस्पिटलच्या गच्चीवरची शेवटची झुंज बऱ्यापैकी कळते.

कातळ

रेक्विअमचे एलियन जवळून बघाच. २००४ च्या एलियनचं डोकं गुळगुळीत घुमटाचं आहे, रेझरेक्शनच्या वळणाचं. २००७ मध्ये घुमट काढून खाली खाचाखाचांची कवटी आणली, १९८६ च्या एलियन्ससारखी. पावसाच्या शॉट्समध्ये त्या खाचांवर कडेचा दिवा पडतो, म्हणून एवढ्या अंधारातही आकार ओळखू येतो.

चौथी रांग

क्रम आणि आवृत्ती विचारणाऱ्यांसाठी.

दोन मालिकांचा सांधा या चित्रपटाने जोडलेला नाही. डार्क हॉर्सच्या कॉमिक्समध्ये १९८९ च्या अखेरीस तो जुळला आणि १९९० मध्ये रँडी स्ट्रॅडलीने लिहिलेली पूर्ण मालिका आली. त्याच वर्षी प्रिडेटर २ मध्ये प्रिडेटरच्या यानातल्या कवट्यांच्या रांगेत एलियनची कवटी दिसली. कॉमिकमधली माचिको नोगुची वाचली की चित्रपटाची नायिका लेक्स (सना लेथन) कुठून आली ते स्पष्ट होतं: शिकाऱ्याबरोबर लढणारी बाई, बंदिवान राणी, चेहऱ्यावर आम्लाची खूण. अँडरसनने नवीन काय आणलं, तर पिरॅमिड आणि बर्फ. पिरॅमिडसुद्धा एका अर्थाने जुनाच, कारण १९७९ च्या एलियनच्या डॅन ओबॅननने लिहिलेल्या सुरुवातीच्या पटकथेत अंडी पिरॅमिडमध्येच होती.

बघायचा क्रम: प्रिडेटर (१९८७), एलियन (१९७९), एलियन्स (१९८६), प्रिडेटर २ (१९९०), मग हा. एलियन्स आधी पाहणं आवश्यक, कारण राणी म्हणजे काय हे तिथे कळतं, आणि लान्स हेन्रिक्सनने तिथे साकारलेला बिशप पाहिला असेल तर इथला चार्ल्स बिशप वेलंड दिसताच चेहऱ्याची जोड लागते. प्रोमिथिअस (२०१२) या जुळणीत धरू नका. त्यात पीटर वेलंड हा वेगळाच संस्थापक आहे आणि दोन्ही एकत्र बसत नाहीत. २०२५ च्या प्रिडेटर: बॅडलँड्समध्ये वेलंड-युतानी या एलियन मालिकेतल्या कंपनीची यंत्रमानव आहे, एलियन मात्र नाही.

आवृत्तीबद्दल माझं मत ठाम आहे: पहिल्यांदा १०१ मिनिटांचीच बघा. १०९ मिनिटांच्या आवृत्तीची सुरुवात १९०४ च्या वस्तीत होते आणि पहिल्या काही मिनिटांतच दोन्ही राक्षस समोर येतात. मग पुढे माणसं बर्फातून उतरतात, हाडं सापडतात, भिंतीवरची चित्रं वाचतात, त्या सगळ्या वेळात प्रेक्षकाला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत असतं आणि आधीच सावकाश असलेला पूर्वार्ध आणखी लांबतो. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा लांबलेली घ्या.

मधली सुट्टी

आवृत्तीबद्दल +१. एकच भर घालतो. लेक्सला स्कार एलियनच्या डोक्याची ढाल आणि शेपटीच्या टोकाचा भाला करून देतो, त्याआधी तो त्या कवचावर आम्लाचे थेंब पाडून दाखवतो आणि काहीच होत नाही. जे शरीर ते आम्ल वागवतं, ते त्याने जळत नाही. दोघांमध्ये एकही शब्द नाही आणि प्रेक्षकाला ढालीचा पूर्ण उपयोग कळतो. पुढे राणीला शेवटी साखळीने पाण्याच्या टाकीला अडकवून कड्यावरून समुद्रात ओढतात, तिथपर्यंतचं प्रत्येक शस्त्र असंच आधी दाखवून मग वापरलेलं आहे. साखळीसुद्धा. राणी स्वतःला जखमी करवून घेऊन स्वतःच्या रक्ताने बेड्या तोडते, तेव्हा आपण ती साखळी नीट पाहिलेली असते.

चौथी रांग

हो, आणि बेड्या तोडतानाचे ते शॉट बहुतांश खऱ्या ४.८ मीटरच्या राणीवरचे वाटतात. जबड्याच्या कडेने गळणारी लाळ थांबवून बघा, पडदा जवळ घेऊन. वर पडद्यामागे यांनी दिलेल्या कृतीतली तार तिथे ओळखू येते.